आमच्या वेळी वर्गात कोणी खोकलं नाही

दहावीत एखाद्या मुलाला एखादी मुलगी आवडते हे अख्ख्या वर्गाला कळायला हजेरी पुरते. सर तिचा नंबर घेतात, मागच्या बाकावरचे चारजण एकदम खोकतात, तो मुलगा लाल होतो, सर म्हणतात घशाला काय झालं रे सगळ्यांच्या, आणि विषय संपतो. आमच्या वर्गातही हे रोज चालायचं, बाकावर कर्कटकाने कोरलेली इनिशिअल्स वगैरे सगळं. पण मला जी आवडायची तिचा नंबर आला की मागचे बाक गप्प. सगळ्यांना माहीत होतं तरी कोणी खोकायचं नाही. मला खरंच वाटायचं की अरे एकदा तरी खोका, मलाही चिडवा.

मी मुस्लिम आणि ती हिंदू, बस एवढंच कारण.

मॅचच्या दिवशी "आज तुझी टीम जिंकणार का रे" हे तर लहानपणापासून ऐकत आलोय, आणि मराठीत सगळ्यात जास्त मार्क पडले तेव्हा बाईंनी कौतुकानेच विचारलं की तुमच्या घरी मराठी कसं काय, आता घरी काय बोलतो ते सोडा पण बालवाडीपासून मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला हे विचारायचं असतं का? तरी हे सगळं मी पचवलं होतं, त्याची सवय होते. प्रेमाच्या बाबतीत काय होईल याची मात्र काहीच तयारी नव्हती.

प्रेम म्हणजे तरी काय होतं, तर भूमितीची वही. ती पेन्सिल इतकी दाबून चालवायची की वर्तुळ काढलं की पुढच्या पानावर त्याचा वण उठायचा. मी वही घरी न्यायचो, प्रमेयं उतरवून घ्यायचो आणि मग त्या कोऱ्या पानावरच्या वर्तुळावरून बोट फिरवत बसायचो. तिला मी काही म्हणजे काहीच बोललो नव्हतो.

आणि एक दिवस मधल्या सुट्टीत फळ्यावर कोणीतरी माझं नाव लिहून पुढे "लव्ह जिहाद" लिहिलं.

शाळेने अब्बांना बोलावलं. त्याच महिन्यात वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाने एका मुलीला खरोखर चिठ्ठी दिलेली पकडली गेली होती, त्याचा फक्त कान पिळला. फळ्यावर कोणी लिहिलं याची चौकशी झाली नाही, चौकशी माझी झाली. अब्बा साइटवरून तसेच आले होते, बाहीवर सिमेंट, खुर्चीच्या अगदी कडेला बसले आणि प्रत्येक वाक्याला "हो सर" म्हणत राहिले. रोज परिपाठाला सारे भारतीय माझे बांधव आहेत म्हणायला लावणारे तेच सर. बाहेर आल्यावर अब्बा रागावले नाहीत, फक्त म्हणाले, बाकीच्या पोरांचं चालून जातं बेटा, तुझं नाही चालणार. ते रागावले असते तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

हे कायद्याचं वगैरे मी नंतर वाचलं. ४ फेब्रुवारी २०२० ला केंद्र सरकारनेच लोकसभेत लेखी उत्तर दिलंय की 'लव्ह जिहाद' अशी काही व्याख्या सध्याच्या कायद्यात नाही आणि केंद्रीय तपास यंत्रणांनी असं एकही प्रकरण नोंदवलेलं नाही. वेगवेगळ्या धर्मांच्या दोघांना धर्म न बदलता लग्न करता यावं म्हणून तर १९५४ पासून विशेष विवाह कायदा आहे, त्यात मुलगी १८ ची आणि मुलगा २१ चा लागतो. आम्ही पंधराचे होतो हो! आम्हाला लग्न करायचं नव्हतं, धर्म बदलायचा नव्हता, मला फक्त वही परत देताना तिच्याशी दोन मिनिटं जास्त बोलायचं होतं. बाकीच्या मुलांना आवडणं, लाजणं, नकार मिळणं, रडणं, विसरून जाणं हे सगळं फुकट मिळतं. मला तर नकारसुद्धा मिळाला नाही, कारण विचारायची वेळच आली नाही.

तिची जागा बदलली, तिच्या घरीही बोलणी झाली असणार, ती कधी बोलली नाही त्यावर. पण पुढच्याच आठवड्यात ती सगळ्यांसमोर माझ्या बाकापाशी आली, "माझी वही कुठेय?" म्हणाली, तिथेच उघडून माझी वहीपण ओढून घेतली आणि माझं एक प्रमेय चुकलं होतं ते उभ्या उभ्या दुरुस्त करून दिलं. मागून कोणीतरी परत तेच फळ्यावरचं बोललं. ती वळली आणि म्हणाली, "भूमितीची वही आहे, बघायचीय का तुला?" एवढी हिंमत माझ्यात नव्हती, आणि मला ती आवडत होती ते बरोबरच होतं हे मला त्या दिवशी पक्कं कळलं.

आता ती दुसऱ्या शहरात शिकते, वाढदिवसाला मेसेज येतो, मी पण करतो, तासभर गप्पाही होतात कधी कधी. अब्बांना अजून सांगितलेलं नाही.