सिस्टम प्रोग्रामिंग शिकायचंय, कोणता कोर्स करू?

इंजिनिअरिंगची मुलं हे मला सारखं विचारतात. चार-पाच वर्षं वेब ॲप्लिकेशन्स लिहून झालेले लोकही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: कोर्स राहू द्या, आधी एकच सिस्टम कॉल (प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टमकडे मागितलेलं काम) धरा आणि तो तळापर्यंत कुठे कुठे जातो ते बघा. मी डेटा बाहेर लिहिणारा ‘राइट’ निवडायला सांगते, कारण तो रोज वापरूनही बहुतेकांना अनोळखी असतो.

लिनक्सवर प्रिंटएफने तीन ओळी छापणारा सी प्रोग्राम लिहा आणि सिस्टम कॉल दाखवणाऱ्या एसट्रेसखाली चालवा. टर्मिनलवर छापताना प्रत्येक ओळीमागे एक राइट दिसेल. तेच आउटपुट पाइपमधून कॅटकडे पाठवा, तिन्ही ओळी एकाच राइटमध्ये जातील. ओळी साठवून ठेवणारा मधला बफर सी लायब्ररीचा आहे. प्रोग्राम मध्येच क्रॅश झाला की लॉगमधल्या शेवटच्या ओळी का गायब होतात, हे इथे कळतं.

पुढचा टप्पा कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, आतला, आणि तिथे लिनक्सचा कोड लगेच उघडू नका, त्यात हरवायला होतं. एमआयटीने २००६ मध्ये शिकवण्यासाठी एक्सव्ही६ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टम लिहिली. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सवर बेतलेली ही सिस्टम आता रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर चालते. कर्नल काही हजार ओळींचा आहे, म्हणजे माणूस तो अख्खा वाचू शकतो. सोबतचं पुस्तकही मोफत मिळतं. क्यूएमयू या एम्युलेटरमध्ये चालवा, जीडीबी हा डीबगर जोडा आणि राइटच्या मागे लागा: ए७ रजिस्टरमध्ये १६ हा क्रमांक, मग कर्नलमध्ये नेणारी ईकॉल ही सूचना, ट्रॅम्पोलिन नावाच्या कोडमध्ये प्रोसेसची सगळी रजिस्टर्स जपून ठेवणं, यूजरट्रॅप, सिसकॉलचं टेबल, आणि शेवटी फाइलराइट. तिथे वाट फुटते: पाइप, डिव्हाइस किंवा डिस्कवरची फाइल. ‘युनिक्समध्ये सगळं फाइल असतं’ हे वाक्य परीक्षेत सगळेच लिहितात. इथे ते तीन फांद्यांच्या इफ-एल्समध्ये डोळ्यांनी दिसतं.

आता लिनक्सकडे वळा. साध्या फाइलवर राइट यशस्वी झाला म्हणजे डेटा डिस्कवर गेला असं नाही, तो बहुतेक वेळा पेज कॅशमध्ये, म्हणजे कर्नलच्या ताब्यातल्या मेमरीत, कॉपी झालेला असतो. डिस्कवर पोहोचल्याची खात्री हवी तर एफसिंक हा वेगळा कॉल करावा लागतो. आणि एफसिंकच फसला तर? २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांच्या लक्षात आलं की एफसिंक फसल्यावरही लिनक्स पेज कॅशमधली ती पानं ‘स्वच्छ’ (डिस्कवर लिहून झालेली) मानू शकतो, आणि दुसऱ्यांदा केलेला एफसिंक खुशाल यश कळवतो, डेटा गेलेला असतानाही. तेव्हापासून पोस्टग्रेस अशा वेळी पुन्हा प्रयत्न करत बसत नाही, थेट थांबतो आणि बदलांची नोंद ठेवणाऱ्या आपल्या लॉगमधून स्वतःला सावरतो. त्या वेळच्या चर्चा जरूर वाचा. प्रत्येक थर नेमकी कसली हमी देतो आणि कसली देत नाही, हे ओळखणं मला या कामाचा गाभा वाटतं, आणि ते इतक्या उघडपणे फार कमी ठिकाणी मांडलेलं सापडतं.

पुणे विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला दोन पासचा असेम्बलर (असेम्ब्ली कोड दोनदा वाचून मशीन कोड बनवणारा प्रोग्राम) करायला लावतात. ‘त्याचा काय उपयोग?’ असंही विचारलं जातं. पुष्कळ आहे. पुढे येणाऱ्या लेबलचा पत्ता आधी माहीत नसतो म्हणून नावं आणि पत्त्यांचं सिंबॉल टेबल ठेवायचं, हीच अडचण प्रोग्रामचे तुकडे जोडणाऱ्या लिंकरपुढेही असते. तो असेम्बलर मित्राच्या फाइलवरून उतरवू नका.

भाषा कोणती, सी की रस्ट? आधी सी, कारण वर सांगितलेला बहुतेक कोड सीमध्ये आहे. रस्ट त्यानंतर घ्या. मग त्याचा कंपायलर कशाला अडवतोय ते लगेच पटतं.

राइट पुरता कळला की नवी प्रोसेस बनवणारा फोर्क घ्या. एक्सव्ही६ मध्ये फोर्क पालक प्रोसेसची सगळी मेमरी कॉपी करतो, लिनक्स मात्र कुणीतरी पानावर लिहीपर्यंत कॉपी टाळतो. एमआयटीच्या प्रयोगांमध्ये हेच एक्सव्ही६ मध्ये बसवायचा एक प्रयोग आहे. तो उत्तरं न बघता करा, आणि अडलात तर कुठल्या पेज फॉल्टवर (मेमरीचं पान वापरताना प्रोसेसरने केलेल्या तक्रारीवर) अडलात ते मला सांगा.