गोळीपेक्षा एनिमा भारी

शौचातून रक्त पडतंय म्हटलं की आपल्याकडे पहिला शब्द निघतो मूळव्याध. मलाही आधी त्याचंच मलम मिळालं. शेवटी नागपूरच्या धंतोलीत कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे नळीने कॅमेरा घालून आतडं तपासलं, बायोप्सीचा रिपोर्ट आला आणि कळलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला सूज आणि जखमा.

डॉक्टरांनी मेसालामाईन लिहून दिलं. रोज 2.4 ग्रॅम, म्हणजे 1.2 ग्रॅमच्या दोन गोळ्या एकदम. गोळी चांगलीच मोठी, पण तोडायची किंवा कुटायची नाही. तिचं आवरण जठरात टिकतं, लहान आतड्याच्या शेवटाला विरघळतं, आणि मग औषध थेट सुजेवर उतरतं. पूर्वी यासाठी सल्फासालाझिनच होतं. आतड्यातले जिवाणू ते फोडतात, तेव्हा त्यातून हेच मेसालामाईन सुटतं. खरं काम तोच भाग करतो, हे 1977 साली सिद्ध झालं. सल्फासालाझिनने होणारी डोकेदुखी, मळमळ बहुतेक त्यातल्या उरलेल्या सल्फाच्या भागाची.

सोबत रात्रीचा एनिमा होता, म्हणजे तेच औषध बाटलीने गुदद्वारातून आत सोडायचं, आणि खरी कसोटी तीच. बाटली जोरात हलवायची, डाव्या कुशीवर झोपायचं, उजवा पाय पोटाशी घ्यायचा आणि हळूहळू दाबायची. डाव्या कुशीवर का, तर औषध उताराने डाव्या आतड्यात जातं. सुरुवातीला पाच मिनिटंही धरवत नव्हतं. अंगाखाली जुनी चादर लागतेच, कारण डाग सहज निघत नाहीत. मे महिन्यात कूलरच्या घरघरीत असं निपचित पडून राहणं म्हणजे काय, ते नागपूरकरालाच समजेल. पण रक्त थांबायला लागलं ते एनिमा सुरू झाल्यावरच, असं माझं ठाम मत.

हे औषध स्टेरॉइडसारखं झटपट गुण देत नाही, काही आठवडे धीर धरावा लागतो. तोवर तर्री बंद, नुसते पोहे.

आता बरा आहे, तरी गोळ्या चालूच. आई अधूनमधून विचारते, "काऊन रे, बरा झाला ना? मग कायले खातं?" सूज पुन्हा उसळू नये म्हणून, एवढंच सांगतो. किडनीवर क्वचित परिणाम होतो, म्हणून किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन ठरलेल्या वेळी तपासून घेतो. मागे दाढ दुखली तेव्हा मेडिकलवाल्या दादाने आयब्युप्रोफेन पुढे केली. तसल्या गोळ्यांनी कोलायटिस चाळवू शकतो. पॅरासिटामॉल घेतली आणि निघालो.