चार भाषा, एक बी.ए. आणि स्टुटगार्टमधलं काम

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून मला सांगली-मिरजेकडून मेसेज येतात. करार नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा लोकांसाठी. विचारणारे मात्र बहुतेक बी.ए., बी.कॉम. झालेले. "ताई, हातात कुठलं कसब नाही, पण मराठी, हिंदी, कन्नड, इंग्रजी चांगलं येतं. तिकडं काही जमेल का?" मीही एवढ्याच शिदोरीवर आले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मिरजेत मी एका खासगी दवाखान्यात रिसेप्शनला होते. अथणी, चिकोडी, रायबागहून पेशंट यायचे. आजीचं दुखणं कन्नडमध्ये ऐकायचं, मुलाला खर्च मराठीत समजावायचा, विमा कंपनीशी फोनवर इंग्रजीत बोलायचं. ते काम मला मनापासून आवडायचं. मग नवऱ्याला याच बाडेन-वुर्टेंबर्गमधल्या स्टुटगार्टला नोकरी लागली. त्याच्याकडं ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा परवाना, असल्यानं मला जर्मनची परीक्षा न देता व्हिसा मिळाला आणि इथल्या कार्डावर कामाची पूर्ण मुभाही. ती मुभा त्याच्या नोकरीमुळे मिळाली, माझ्या भाषांमुळे नाही. एकटं येणाऱ्यानं हा फरक नीट लक्षात घ्यावा. जून २०२४ पासून नोकरी शोधण्यासाठी 'चान्सनकार्टे' मिळतं, पण त्यालाही आपल्याकडं मान्यता असलेली पदवी किंवा किमान दोन वर्षांचं व्यवसाय शिक्षण लागतं, वर गुण मोजतात, आणि खात्यात राहण्या-खाण्याचे पैसे दाखवावे लागतात. त्यावर आठवड्याला २० तासच काम करता येतं. सत्ताविशीच्या आतल्यांना एखाद्या कुटुंबात राहून मुलं सांभाळायचा 'ओ-पेअर' हा मार्ग आहे, त्यालाही थोडं जर्मन हवंच. "नुसत्या इंग्रजीवर कायमची नोकरी लावून देतो" म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयासुद्धा देऊ नका.

इथल्या जाहिरातींत 'बहुभाषिक उमेदवार हवा' असं खूप दिसतं. आत वाचलं की कळतं, त्यांना जर्मन आणि सोबत फ्रेंच, डच किंवा इटालियन हवं असतं. भारतीय ग्राहकाला इंग्रजी येतंच, असं सगळे धरून चालतात. दुभाष्याच्या कामासाठी मला फोन आले, ते पंजाबी येतं का विचारायला. मराठीसाठी कुणी विचारलं नाही, कारण इथं आलेला मराठी माणूस बहुधा इंग्रजी घेऊनच आलेला असतो. फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे गावोगावी असणाऱ्या प्रौढशिक्षणाच्या शाळेत, संध्याकाळी हिंदी शिकवता येतं. पुरेसे विद्यार्थी जमले तर वर्ग होतो आणि तासाप्रमाणे मानधन मिळतं. शिकवायला फार छान वाटतं, पण त्यावर घरभाडं निघत नाही.

म्हणून आधी जर्मन. बी-वन, म्हणजे रोजचं बोलणं जमण्याइतपत जर्मनची पातळी, झाल्यावर क्लासमधल्या एका सिरियन मैत्रिणीनं मला 'बेट्रॉयुंग्सक्राफ्ट'बद्दल सांगितलं. वृद्धाश्रमातल्या लोकांना सोबत करणारी मदतनीस. इंजेक्शन, ड्रेसिंग, अंघोळ हे काम नर्सिंगवाल्यांचं. आपण पेपर वाचून दाखवायचा, फिरायला न्यायचं, गाणी म्हणायची, पत्ते खेळायचे. याला आधीची कुठलीही डिग्री लागत नाही. १६० तासांचा कोर्स, त्याच्या आधी आणि मध्ये वृद्धाश्रमात प्रत्यक्ष काम, मग दर वर्षी थोडी उजळणी. फी रोजगार कार्यालय भरू शकतं, पण तो तिथल्या अधिकाऱ्याचा निर्णय असतो, हक्क नाही. माझी अधिकारी आधी तयार नव्हती. मिरजेच्या दवाखान्याचं अनुभवपत्र जर्मनमध्ये भाषांतर करून नेलं, तेव्हा तिनं ते दोनदा वाचलं आणि फीचं कूपन दिलं. अशा मदतनिसांना जुलै २०२५ मध्ये तासाला किमान १६.१० युरो मिळायचे. त्या वर्षी देशाचं सर्वसाधारण किमान वेतन १२.८२ युरो होतं.

माझ्या भाषा कामी आल्या त्या या वृद्धाश्रमाच्या कामात, आणि वेगळ्याच तऱ्हेनं. स्टुटगार्टच्या कारखान्यांत १९५५ नंतर इटलीहून, १९६० नंतर ग्रीसहून, मग तुर्कस्तान, युगोस्लाव्हियाहून कामगार आले. ते आता म्हातारे झालेत. डिमेन्शिया, म्हणजे म्हातारपणचा स्मृतिभ्रंश, झाला की नंतर शिकलेली भाषा आधी जाते, असं अनेकांच्या बाबतीत होतं. आमच्याकडं एक ग्रीक आजी आहे. आयुष्य इथं काढलं, पण जर्मन पार गेलंय. दुपारी पाण्याचा कप पुढं केला की ती तो हातानं सारायची. तिच्या मुलीला विचारून मी रोजचे शब्द बिल्ल्याच्या मागं देवनागरीत लिहून घेतले: नेरो म्हणजे पाणी, एला म्हणजे ये, पोनाई म्हणजे दुखतंय. खाली वाकून "नेरो" म्हटल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं, कप स्वतः धरला आणि बराच वेळ ग्रीकमध्ये काहीतरी सांगत राहिली. मला त्यातलं फारसं कळलं नाही, पण समोरच्याची भाषा पुरती येत नसतानाही बोलणं तोडायचं नाही, ही सवय मला अथणीच्या पेशंटांनी लावली होती. पर्यवेक्षक बाईंनी ते पाहिलं आणि नव्यानं आलेल्या परदेशी आजी-आजोबांची पहिली भेट माझ्याकडं दिली. तासाचा दर त्यानं वाढला नाही, पण माझा करार अर्धवेळाचा पूर्णवेळ झाला.

आता बी-टू चालू आहे. ते झालं की नर्सिंग मदतनिसाचं प्रशिक्षण घ्यायचं, कारण सोबतीच्या कामात पुढं बढती फारशी नाही.

तुम्हाला यायचं असेल, तर बी-वन तिकडंच करून या. पुण्यात जर्मन शिकवणारं मॅक्सम्युलर भवन आहे, ऑनलाइन वर्गही आहेत. आणि जुन्या नोकरीचं अनुभवपत्र लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, नेमकं काय काम केलं ते लिहून घ्या. नुसतं 'रिसेप्शनिस्ट होती' एवढं नको. कुणाशी, कुठल्या भाषेत, काय बोलावं लागायचं, तेसुद्धा त्यात येऊ द्या.