तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे भारी जपानी रेसलर अमेरिकन टीव्हीवर एवढेसेच का दिसतात?

हा प्रश्न बहुतेक वेळा एकाच चालीवर येतो. "यूट्यूबवर ओकाडाची जपानमधली अर्ध्या-पाऊण तासाची मॅच बघितली, वेड लागलं. मग अमेरिकेच्या शोमध्ये हाच माणूस जेमतेम आठ मिनिटं का दिसतो?" विचारणारा पुढे उत्तरही सुचवतो: वर्णभेद असेल, नाहीतर इंग्रजी येत नसेल. दोन्हींत तथ्य आहे, पण आधी घड्याळाचा हिशोब बघू.

अमेरिकन केबलवरच्या दोन तासांच्या शोमधून जाहिराती वजा केल्या की साधारण दीड तास उरतो. त्यात एन्ट्रीची गाणी, मागच्या आठवड्याची आठवण, पडद्यामागची भांडणं आणि रिंगमध्ये माइक घेऊन केलेली भाषणं येतात. कुस्तीला उरतो त्याचा निम्मा वेळ, कधी त्याहून कमी. एखादी मॅच दहा मिनिटांची असली तरी तिच्या पोटात जाहिरात बसवायची असते, आणि ती बसवायची पद्धत ठरलेली आहे. एकाला दोरांबाहेर फेकायचं, दुसऱ्याने त्याच्यावर उडी मारायची, रिप्ले दाखवायचा, ब्रेक. परत येईपर्यंत खलनायकाने हिरोची मान काखेत आवळलेली असते. मधे काय झालं ते चौकोनी खिडकीत, आवाज बंद ठेवून दाखवतात, नाहीतर दाखवतच नाहीत.

जपानमधली मोठी मॅच याच्या उलट बांधलेली असते. पहिली दहा मिनिटं पकडी, एकाच गुडघ्यावर किंवा मानेवर चढवलेला मारा, मग हळूहळू वेग. रिंगबाहेर पडलेल्याला अमेरिकेत दहा आकड्यांची मुदत, न्यू जपान या जपानमधल्या मोठ्या कंपनीत वीस. ही मॅच अमेरिकन साच्यात घालायला गेलं की सर्वांत आधी पाया छाटला जातो, आणि शेवटचे चार-पाच मोठे डाव तेवढे उरतात. डाव तेच असतात, पण त्यांना वजन येत नाही, कारण ज्या गुडघ्यावर ते उभे राहायचे तो गुडघा आपण पाहिलेलाच नसतो.

तरीही कुस्तीचे मिनिट कमी पडले म्हणून कुणी लहान राहत नाही. तिथला मोठा रेसलर ठरतो माइकवर. पैज, अपमान, सूड, सगळं तोंडाने मांडायचं आणि मग हात चालवायचे. म्हणून जपानी रेसलर आणला की प्रत्येक प्रमोटरसमोर पहिला प्रश्न एकच: याच्या तोंडाचं काय करायचं? पन्नास वर्षांत याची जी उत्तरं निघाली, तोच या दिसण्या-न दिसण्याचा इतिहास.

पहिलं उत्तर: खरा जपानी आणायचाच नाही. मिस्टर फुजी होनोलुलूचा, त्याचा जोडीदार प्रोफेसर टोरू तनाकाही हवाईचा. १९७२मध्ये ही जोडी टॅग, म्हणजे जोड्यांच्या कुस्तीची, चॅम्पियन होती. दुसऱ्या महायुद्धाचा राग प्रेक्षकांत होताच. सुमोतल्या शुद्धीच्या मिठाची मूठ फुजी समोरच्याच्या डोळ्यांत फेकायचा, मग भाषणाची गरज काय? नव्वदीत आपल्याकडे पोरं ज्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या) ट्रम्प कार्डांवर खेळायची, त्यातला अगडबंब योकोझुना आठवतो? तो सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला सामोअन. ४ एप्रिल १९९३ला लास व्हेगासच्या रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या शोमध्ये, फुजीने ब्रेट हार्टच्या डोळ्यांत मीठ टाकलं आणि योकोझुना चॅम्पियन झाला. काही मिनिटांत तेच मीठ हल्क होगनवर फेकलं, होगन वाकला, मीठ योकोझुनाच्या डोळ्यांत गेलं आणि चॅम्पियनचा पट्टाही गेला. जपानच्या झेंड्याखाली घडलेल्या या सगळ्या नाट्यात जपानमध्ये जन्मलेला एकही माणूस नव्हता.

खऱ्या जपानी माणसाने पट्टा जिंकला तेव्हा काय झालं, तेही सांगून टाकतो. ३० नोव्हेंबर १९७९ला तोकुशिमात अंतोनियो इनोकीने तेव्हाचा डब्ल्यूडब्ल्यूएफ चॅम्पियन बॉब बॅकलंडला हरवलं. डब्ल्यूडब्ल्यूईच्या अधिकृत चॅम्पियनांच्या यादीत तो विजय नाही.

दुसरं उत्तर जास्त हुशार होतं: मॅनेजर बोलणार, रेसलर दिसणार. १९८९मध्ये टीबीएस वाहिनीवर ग्रेट मूटा आला. चेहरा रंगवलेला, शेजारी गॅरी हार्ट. हार्ट बोलायचा आणि मूटा तोंडातून हिरवा फवारा उडवायचा. खाण्याच्या रंगाचं पाणी छोट्या फुग्यात भरून तोंडात लपवायचं आणि वेळ आली की दातांनी फोडायचं, असा तो प्रकार. यात चुकण्यासारखं बरंच असतं. लवकर फुटला तर हनुवटीवर हिरवी लाळ. फार वेळ तोंडात धरला तर श्वास नीट घेता येत नाही. फवारा तोंडावर न बसता खांद्यावर गेला तर समोरच्याने आंधळं झाल्याचं सोंग करायचं कशावर? म्हणून मूटा एन्ट्रीला एक फवारा सरळ वर, दिव्यांच्या झोतात सोडायचा. त्याने कुणाला इजा व्हायची नव्हती, तो कॅमेऱ्यासाठी होता. आणि गंमत बघा, ही करामत जमायला तोंड मिटलेलंच असावं लागतं. डब्ल्यूडब्ल्यूईतली जपानी रेसलर आसुका आजही फवारा वापरते.

काही वेळा उत्तर न शोधताच काम भागलं. जंपिंग बॉम्ब एंजल्स, म्हणजे नोरियो तातेनो आणि इत्सुकी यामाझाकी, यांनी जानेवारी १९८८मध्ये पहिल्या रॉयल रंबलच्या कार्यक्रमात महिला टॅग पट्टे जिंकले. तीनपैकी दोन फॉलची ती मॅच आज बघितली तरी त्या बाकीच्यांपेक्षा दहा वर्षं पुढे वाटतात. त्याच वर्षी पट्टे गेले, दोघीही पडद्यावरून गेल्या. त्यांच्याभोवती गोष्टच रचलेली नव्हती. ४ सप्टेंबर १९९५ला मिनेसोटाच्या एका मॉलमध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीचा साप्ताहिक शो 'नायट्रो' सुरू झाला, तेव्हाही पहिली मॅच मिळाली ती जुशिन लायगर विरुद्ध ब्रायन पिलमन. लायगरचा डोक्यापासून पायापर्यंत लाल पोशाख, शिंगांचा मुखवटा. चॅनल बदलणारा बोट थांबवतो. प्रेक्षक बसवून द्यायला जपानी आणि नंतर बोलायला अमेरिकन, ही वाटणी तेव्हापासून पक्की झाली.

तिसरं उत्तर चेष्टेचं. २०००च्या सुमारास ताका मिचिनोकू आणि फुनाकी माइकवर आले की त्यांचे ओठ हलायचे आणि वरून भलत्याच घोगऱ्या इंग्रजी आवाजातलं डबिंग ऐकू यायचं, ओठांशी मुद्दाम न जुळणारं. शेवटी फुनाकीचा एकच शब्द: "इंडीड!" हशा पिकायचा, पण पट्टा मागायला हा आवाज चालत नाही. २०११च्या आसपास टीएनए या अमेरिकन कंपनीत ओकाडाचं नाव 'ओकाटो' ठेवून, डोळ्यांभोवती काळा मुखवटा चढवून त्याला समोआ जोचा हरकाम्या केला होता. फेब्रुवारी २०१२मध्ये ओसाकात त्याच ओकाडाने तेव्हाचा चॅम्पियन तानाहाशीला हरवून जपानचा सर्वांत मोठा पट्टा घेतला. माणूस पारखण्यात इतकी मोठी चूक दुसरी सापडणं कठीण.

२८ जानेवारी २०१८ला शिन्सुके नाकामुरा आणि आसुका या दोघांनी एकाच रात्री पुरुषांचं आणि महिलांचं रॉयल रंबल जिंकलं, म्हणजे रेसलमेनियात पट्ट्यासाठी लढायची संधी देणारी मॅच. रेसलमेनियात दोघेही हरले. आसुकाची ९१४ दिवसांची अपराजित मालिका तिथेच संपली. त्याआधीच्या सप्टेंबरात जिंदर महालने नाकामुराच्या चेहऱ्याची टिंगल करणारं भाषण केलं होतं आणि प्रेक्षकांनीच "फार झालं" म्हणून ओरडा केला होता. पण रेसलमेनियानंतर नाकामुरा खलनायक झाला. असं का केलंस, या प्रश्नावर त्याने मख्खपणे सांगितलं: "नो स्पीक इंग्लिश." इंग्रजी त्याला येतं, हे प्रेक्षकांना माहीत होतं. आजवर ज्याची लाज वाटायला लावली, तेच त्याने त्यांच्या तोंडावर मारलं.

भाषा आड येते म्हणतात, ती नीट वापरली तर काय होतं याचा नमुना फेब्रुवारी २०२४चा. इयो स्काय, आसुका आणि कायरी सेन आपल्याच गटातल्या बेलीची तिच्यासमोर जपानीत टवाळी करायच्या, खाली सबटायटल. प्रेक्षकांना कळतंय, बेलीला नाही. एका आठवड्यात बेलीने जपानीतच उत्तर दिलं. त्या एका ओळीने रेसलमेनियाची मॅच उभी राहिली. खर्च फक्त सबटायटलचा. हे १९८८मध्येही जमलं असतं.

एईडब्ल्यू या नव्या अमेरिकन कंपनीची अडचण वेगळी होती. त्यांच्या 'डायनामाइट' या साप्ताहिक शोच्या पहिल्याच भागात, २ ऑक्टोबर २०१९ला, रिहो त्यांची पहिली महिला चॅम्पियन झाली, पण ती जपानहून ये-जा करायची. २०२०मध्ये प्रवास बंद झाला आणि ती पडद्यावरून नाहीशी झाली. २०२१च्या महिलांच्या स्पर्धेतल्या जपानमधल्या मॅचेस यूट्यूबवर गेल्या, टीव्हीवर नाही. अमेरिकेत घर, व्हिसा आणि दर आठवड्याला हजेरी यांच्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. हिकारू शिदा तिथेच राहिली आणि तिचा पट्टा ३७२ दिवस टिकला. ओकाडा २०२४मध्ये एईडब्ल्यूत आला, तोवर एका इंग्रजी शिवीवर टाळ्या घेण्याइतका आत्मविश्वास त्याच्याकडे होता.

इयोने ३ मार्च २०२५ला डब्ल्यूडब्ल्यूईच्या 'रॉ'वर रिया रिप्लीला हरवून पट्टा जिंकला आणि पुढच्या महिन्यात रेसलमेनियात तो राखला. आता आपल्याकडे 'रॉ' नेटफ्लिक्सवर आहे, उन्हाळ्यात मंगळवारी पहाटे साडेपाचला. बघाल तेव्हा मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. मॅचची मिनिटं मोजू नका. जपानी रेसलरच्या हातात माइक किती सेकंद होता, खाली सबटायटल होतं का, आणि मॅच हरल्यावर कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबला की थेट जिंकणारीच्या गाण्यावर गेला, एवढं लिहून काढा.