बर्फ पडला की वर नाही, खाली बघा : चोपताची जानेवारी ट्रिप

हिमालयातल्या चोपताला जायचं ठरवलं ते निव्वळ मोनालसाठी. उत्तराखंडचा राज्यपक्षी, पांढऱ्या बर्फात झळकणारा नर, हा फोटो डोक्यात पक्का होता. ऋषिकेशहून रुद्रप्रयाग करत उखीमठला पोचेपर्यंत अख्खा दिवस गेला, त्याच रात्री वर दणकून बर्फ पडला आणि सकाळी ड्रायव्हरकाका म्हणाले, गाडी आज चोपताच्या अलीकडच्या दुगलबिट्टापर्यंतसुद्धा जायची नाही. झालं, तोंडं पडली सगळ्यांची.

मग नाइलाजाने खाली मंदाकिनीकाठी ककडागाडला गेलो आणि तोच दिवस सगळ्यात भारी ठरला! पाण्यातल्या दगडांवर पांढऱ्या टोपीचा रेडस्टार्ट, शेपटी वरखाली करत बसलेला. कड्यावर एक राखाडी चिमणीएवढं काहीतरी सरकत होतं, पंख उघडले तर लालभडक, वॉलक्रीपर! हे दोघं उन्हाळ्यात पार वरच्या उंचीवर असतात. पक्ष्यांना थंडीचं एवढं काही नाही, पिसं फुलवून बसले की ऊब राहते, अडतं ते पोट, कारण बर्फाने जमीन झाकली की बिया, किडे सगळं बंद, त्यात दिवस छोटा आणि रात्र लांब. वाहतं पाणी सहजासहजी गोठत नाही म्हणून नदीकाठी किडे मिळत राहतात. तसं तर चोपताच्या वरच्या तुंगनाथ मंदिराची उत्सवमूर्तीही थंडीत ३,६८० मीटरवरून खाली मक्कूमठला येते, पाखरांचं काय घेऊन बसलात.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. रस्ता थोडा मोकळा झाला, दुगलबिट्टाच्या अलीकडे गाडी लावून चालत निघालो. एका वळणावर ऊन लागून चटईएवढी जमीन उघडी पडली होती, तेवढ्यावर रोझफिंच आणि अ‍ॅक्सेंटर ही छोटी पाखरं दाटीवाटीने टिपत होते. आणि वर बांजाच्या (हिमालयातल्या ओकच्या) झाडाखाली मोनाल, नर नाही, मादी. चोचीने बर्फ उडवत खणत होती, तोंड पार चिखलाने माखलेलं. आम्ही वीसेक मिनिटं वळणाच्या आडोशाला उभे, तिने ढुंकूनही बघितलं नाही.

जाणार असाल तर दोन रात्री उखीमठसारख्या खालच्या गावात एक्स्ट्रा ठेवाच, थेट चोपताचं बुकिंग करून अडकू नका. बर्फ थांबल्यानंतरची पहिली उन्हाची सकाळ सोडू नका, आणि उन्हाकडे तोंड असलेले उतार, रस्त्याच्या कडा, दाट झाडांखालची कोरडी जागा आधी बघा. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलवू नका प्लीज, या दिवसांत उगाच एक उड्डाण म्हणजे त्याच्या रात्रीच्या शिदोरीतून गेलं. बुटांना मायक्रोस्पाइक्स (बर्फावर घसरू नये म्हणून लावायचे छोटे खिळे) हवेतच, मी त्याशिवाय दोनदा आपटलो. बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा, आणि कॅमेरा गरम खोलीत नेण्याआधी बाहेरच बॅगेत बंद करा, नाहीतर लेन्सवर वाफ धरते आणि तासभर नुसतं पुसत बसावं लागतं.