नाल्याकाठचा रविवार

जुलैत बेळगावचा बळ्ळारी नाला फुगला की वडगाव-येळ्ळूरकडचं भातशिवार पाण्यात जातं, लोकांचं पीक कुजायलंय आणि आपण बांधावर दुर्बीण घेऊन उभं, लाज वाटते खरं वंचक बघायचा तर हाच टाईम. एरवी हा बगळा मातकट, चिखलात बसला की उडेपर्यंत दिसतच नाही, आणि पावसाळ्यात विणीला आला की पाठीवर गडद मरून शाल घेतल्यागत. पहिल्या वर्षी मी वेगळाच पक्षी समजून दोस्ताला फोटो पाठवला होता, अजून चिडवतोय.

गायबगळ्याचं डोकं तेव्हा केशरी होतं. ट्रॅक्टर फिरला की मागनं किडे टिपत चालतात, अगदी वरातीसारखे. एक मामा म्हणाले, "बगळे मोजायलास काय गा? पगार देतात होय?"

दसऱ्याच्या आसपास धोबी पक्षी येतात, शेपूट सारखी खालवर. मग थंडीत लाल काड्यांच्या पायांचे शेकाटे, तुतवार असली पाणपाखरं.

एप्रिलात सगळं भेगाळलेलं. टिटवी तेवढी असते, उघड्या ढेकळांत अंडी घालून वर आपल्यावरच ओरडते! परवा अंडी पायाखालीच येणार होती, थोडक्यात वाचली.