वीटभट्टी : आगीपेक्षा सबुरीचे काम

दिवाळीनंतर शेतातली ओल हटली, की कराडपासून मिरजेपर्यंत कृष्णाकाठाने वीटभट्ट्यांचा हंगाम सुरू होतो आणि तो वळवाच्या पावसापर्यंत चालतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला भट्टी म्हणजे विटांचा धुमसणारा ढीग वाटतो. माझ्या मते मात्र भट्टीचे खरे काम जाळणे हे नसून, उष्णता कोंडून धरणे आणि ती योग्य वेगाने चढू व उतरू देणे हे आहे.

कच्ची वीट आणि पक्की वीट यांतला फरक केवळ कडकपणाचा नाही. बेंदराला कुंभाराकडून आणलेले मातीचे बैल उन्हात कितीही वाळले, तरी पाण्यात टाकताच त्यांचा पुन्हा चिखल होतो. संक्रांतीचे भाजलेले सुगड मात्र वर्षभर पाण्यात ठेवले तरी विरघळत नाही. वाळताना मातीच्या कणांमधले मोकळे पाणी जाते, पण कणांच्या रचनेतच बांधलेले पाणी सुटायला साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि ते एकदा सुटले की त्या मातीचा पुन्हा चिखल होत नाही. पुढे ९०० अंशांच्या आसपास कण एकमेकांना चिकटू लागतात, लोहाच्या अंशामुळे लाल रंग येतो आणि विटेला बळ मिळते. हवा कोंडून धूर आतच ठेवला, तर तीच माती काळी भाजून निघते.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी भट्टीला वेगळी इमारत नसते. भाजायच्या विटांचीच भट्टी रचतात. विटांच्या थरांत दगडी कोळसा, भाताचे तूस किंवा साखर कारखान्यातला बगॅस भरतात, खाली विस्तव घालायला बोगदे ठेवतात आणि बाहेरून चिखलाचा लेप देऊन उष्णता आत अडवतात. सुरुवातीची आच मंदच ठेवावी लागते, कारण विटेत उरलेल्या ओलीची वाफ एकाएकी झाली तर वीट फुटते. भट्टी लागल्यावर आग थराथराने वर चढते. माती आकसते आणि इंधन जळून जाते, त्यामुळे रचलेला ढीग हळूहळू खाली बसतो, आणि जाणती माणसे त्या बसण्यावरून भाजणी कुठवर आली ते ओळखतात. तापमापकाविना केलेला हा अंदाज मला या व्यवसायातले सर्वांत मोठे कौशल्य वाटते. पुढे निवण्याचीही घाई चालत नाही. मातीतल्या वाळूचे स्फटिक ५७३ अंशांना आपली रचना बदलतात आणि निवताना एकदम आकसतात. म्हणून गरम भट्टी उघडून तिला गार वारा लागू दिला, तर चांगल्या भाजलेल्या विटेलाही चिरा पडतात.

अशा भट्टीत इंधन फार जाते, मधली वीट नीट भाजते आणि कडेची कच्ची राहते. १८५८ साली जर्मनीत फ्रीडरिश हॉफमन यांनी पेटंट घेतलेल्या गोल भट्टीत विटा जागेवरच राहतात आणि आग पुढे सरकते. निवणाऱ्या विटांची उष्णता घेऊन आलेली हवा आगीला मिळते आणि आगीचा धूर पुढच्या कच्च्या विटा तापवतो. झिगझॅग भट्टीतही आग अशीच सरकते, मात्र तिथे हवेला नागमोडी वाट घ्यावी लागते, त्यामुळे कोळसा अधिक पूर्ण जळतो आणि काजळी कमी होते. भट्टीवर राहणाऱ्या कामगारांच्या लेकरांचा विचार केला, तर हा बदल आपल्या जिल्ह्यांत लवकर व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

मातीची निवडही भाजणीइतकीच महत्त्वाची असते. नुसती काळी माती वाळताना फार आकसते आणि भेगाळते. म्हणून तिच्यात राख किंवा तूस मिसळतात, किंवा नदीकाठची गाळाची माती वापरतात. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडेही असतात. भट्टीत त्या खड्यांचा कळीचा चुना होतो, तो पुढे हवेतली ओल शोषून फुगतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी विटेचा टवका उडवतो. घरासाठी वीट घेताना दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज ऐकावा, एक वीट फोडून आत पांढरे खडे आहेत का ते पाहावे, आणि शंका आली तर काही विटा पाण्यात भिजवून थोडे दिवस ठेवाव्यात. चुना फुगायचा असेल तर तो भिंत चढण्याआधीच फुगलेला दिसतो.